लाख बियांची आमरी आणि तीन पिल्लांची खार

प्रश्न : ताई, नमस्कार. श्रावणात मुलाच्या शाळेची सहल पाचगणीला गेली होती. टेबललँडवर त्यांच्या सरांनी गवतात लपलेली एक आमरी, म्हणजे ऑर्किड, दाखवली. ही पश्चिम घाटाबाहेर कुठं मिळत नाही, हात लावायचा नाही, असं बजावलं. हिच्या एका बोंडात हजारोंनी बिया असतात, हेही सांगितलं. येताना मुलं जेवायला थांबली, तिथं खारींनी त्यांच्या हातातली चिक्की पळवली. आता मुलगा मला विचारतो, "खारीला दोन-तीन पिल्लं आणि आमरीला हजारो बिया. मग आमरी गल्लोगल्ली आणि खार दुर्मिळ, असं का नाही?" मी शेतकरी माणूस. ज्वारी किती पेरली की किती उगवते ते सांगेन, पण याला काय सांगू?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : आधी मुलाच्या पाठीवर शाबासकी द्या. हाच प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता आणि त्याला उत्तर सापडलं नव्हतं.

१८६२ साली आमरींवर लिहिताना डार्विननं इंग्लंडच्या कुरणात उगवणाऱ्या एका साध्याशा आमरीची बोंडं फोडून बिया मोजल्या. एका बोंडात सहा हजारांच्या वर निघाल्या. झाडावर तीस बोंडं धरली, तर झाडामागे सुमारे १ लाख ८६ हजार बिया. मग त्यानं हिशेब पुढं नेला. सगळ्या बिया रुजल्या आणि वाढल्या, तर त्या एका झाडाची पतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील. तसं होत नाही हे दिसतच होतं. पण कशानं आवर बसतो ते ठाऊक नाही, असं त्यानं सरळ लिहून ठेवलं. एवढा मोठा माणूस 'ठाऊक नाही' म्हणतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. मुलाला हेही जरूर सांगा.

उत्तर मिळायला ३७ वर्षं गेली. १८९९ साली नोएल बर्नार हा पंचविशीतला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लष्करी सेवेत होता. फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला पाचोळ्याखाली गाडली गेलेली आमरीची एक वाळकी दांडी सापडली. तिच्यावरच्या बोंडांतल्या बिया आतल्या आत रुजल्या होत्या. आमरीचं बी रुजलेलं पाहायला मिळणं हीच तेव्हा मोठी दुर्मिळ गोष्ट होती. त्यानं ती कोवळी रोपं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर प्रत्येकात बुरशीचे धागे शिरलेले होते. बुरशी शिरली की बी रुजतं, नाही शिरली तर रुजत नाही, हे त्यानं पुढं प्रयोग करून दाखवलं. बर्नार छत्तिशीतच गेला. आज जगात आमरीचं बी रुजवण्याबद्दल जे काही काम चालतं, त्याच्या मुळाशी ती पाचोळ्यातली दांडी आहे.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. ज्वारीचा दाणा ओल्या फडक्यात बांधून ठेवला तरी त्याला मोड येतो. माती लागत नाही, खत लागत नाही, कारण पहिल्या काही दिवसांची शिदोरी दाण्यातच भरलेली असते. आमरीच्या बियेत शिदोरीच नाही. थोड्याशा पेशींचा एक ठिपका आणि भोवती हवेनं भरलेलं पातळ आवरण, एवढंच ते बी. ते इतकं हलकं असतं की बोंड तडकलं की वाऱ्यावर कुठल्या कुठं जातं. पण जिथं पडेल तिथं त्याला खाऊ घालणारी बुरशी आधीपासून हजर पाहिजे, आणि तीही बहुतेक वेळा ठरावीक गटातली. तिचे धागे आत शिरतात, बी त्यांच्याकडून साखर घेतं, हळूहळू एक गाठ तयार होते आणि पुढं केव्हातरी तिला पहिलं पान फुटतं. बुरशी नसेल तिथं पडलेलं बी तसंच संपतं. लाखातल्या जवळजवळ सगळ्या बियांचं हेच होतं.

सरांनी दाखवलेली आमरी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मुलाला त्या गावाच्या नावाचीच एक आमरी सांगा : हॅबेनेरिया पांचगणिएन्सिस. हे नाव तिला फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी दिलं. सांतापाव म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झालेले जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ. सह्याद्रीच्या आमरींवर त्या दोघांनी जे काम करून ठेवलं, त्याच्याशिवाय आजही आमचं पान हलत नाही.

या हॅबेनेरिया मंडळींचं वर्षाचं गणित फार तंग असतं. पाचगणीच्या पठारावर जांभ्यावर मातीचा जेमतेम थर. उन्हाळाभर आमरी जमिनीत गड्ड्याच्या रूपानं झोपलेली. पाऊस पडला की पानं, मग फुलं, मग बोंडं, आणि पावसाळा सरता सरता वर काही उरत नाही. दरम्यान जुना गड्डा आटतो आणि शेजारी पुढच्या वर्षासाठी नवा भरतो. हे सगळं तीन-चार महिन्यांत उरकायचं. शिवाय फूल आलं म्हणजे बी धरलंच असंही नाही. आमरीचे पराग सुटे नसतात. त्यांची एक बांधलेली पुडी असते आणि ती एकाच वेळी एका कीटकाच्या अंगाला चिकटून जाते. पुष्कळशा हॅबेनेरियांच्या फुलांना मागं लांब नळी असते, तिच्या तळाशी मध, आणि तो पिण्याएवढी लांब सोंड रात्री उडणाऱ्या पतंगांकडे. पुडी पतंगाच्या सोंडेला नाहीतर डोळ्याला चिकटते. तो पतंग त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर गेला तर ठीक. नाही गेला तर त्या फुलाचा हंगाम वाया.

आता खारीकडे या. खारीची पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. आमरीच्या बियेपेक्षा ती काही फार धडधाकट नसतात. पण त्यांना आई असते. तिनं आधीच काथ्या, कापूस, जुन्या गोधडीचे धागे, झाडाच्या सालीचे तंतू गोळा करून घरटं केलेलं असतं. पोटात सहा आठवड्यांच्या आसपास, पुढं कित्येक आठवडे दूध. धोका वाटला तर ती एकेका पिल्लाला तोंडात धरून दुसरीकडे हलवते. आणि ती स्वतः काय खात नाही? फळं, बिया, कळ्या, किडे, पाखरांची अंडी, अंगणातली भाकरी, तुमच्या मुलाच्या मित्रांची चिक्की. घरट्याला आंबा चालतो, नारळ चालतो, कौलाखालची फटही चालते. एक दार बंद झालं तर तिला दहा उघडी असतात. आमरीला बुरशी एक, पतंग बहुधा एखादाच, पाऊस वेळेवर आणि माती तीच पाहिजे. यातलं एक हुकलं की लाख बियांचा काही उपयोग नाही.

मुलगा गणितात रमणारा दिसतो, म्हणून त्याला एक शेवटची गोष्ट सांगा. एखाद्या ठिकाणी खारींची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल, तर त्याचा अर्थ असा, की एका जोडीच्या आयुष्यात झालेल्या सगळ्या पिल्लांतली सरासरी दोनच मोठी होऊन पुढं पिल्लं देतात. बाकीची मांजर, शिक्रा, धामण आणि आजारपणं नेतात. आमरीचंही तसंच. पठारावर ती टिकून असेल, तर एका झाडाच्या आयुष्यभराच्या लाखो बियांतून सरासरी एकच झाड उभं राहतं. म्हणजे लाख बिया ही तिची श्रीमंती नव्हे. एक झाड उभं राहण्यासाठी तिला मोजावी लागणारी ती किंमत आहे.

---

प्रश्न : ऑगस्टच्या अखेरीस आम्ही कास पठारावर गेलो होतो. टूथब्रश ऑर्किड म्हणतात ती पांढरी फुलं कुंपणाच्या आत नजर जाईल तिथवर होती. सोबतच्या माणसानं सांगितलं, की हे दुर्मिळ आहे. इतकं दिसतं ते दुर्मिळ कसं? आणि फुलवाल्याकडे तर बारा महिने ऑर्किड मिळतात.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : दुसऱ्या भागाचं उत्तर पटकन देते. फुलवाल्याकडची ती जांभळी डेंड्रोबियम किंवा फुलपाखरासारखी पसरट फॅलेनॉप्सिस ही बहुतेक सगळी संकरित आणि हरितगृहात वाढवलेली. १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसननं दाखवून दिलं, की बुरशी जे देते ती साखर आपणच काचेच्या नळीत दिली तर आमरीचं बी बुरशीशिवायही रुजतं. तिथून ऑर्किडची मोठ्या प्रमाणावरची शेती शक्य झाली. त्यामुळे बाजारात फुलं वाढली, रानात वाढली नाहीत. पिंजऱ्यात लव्हबर्ड किती आहेत त्यावरून रानातल्या पोपटांची मोजदाद कुणी करत नाही, तसंच हे.

पहिला भाग मला फार आवडला, कारण त्यावर १९८१ साली एका बाईंनी सुरेख विचार मांडला आहे. डेबोरा रॅबिनोविट्झ त्यांचं नाव. अमेरिकेतल्या गवताळ माळांवर तुरळक उगवणाऱ्या गवतांवर त्या काम करत होत्या. त्यांनी सांगितलं, की कुठल्याही जातीबद्दल तीन प्रश्न विचारा. किती मोठ्या मुलखात सापडते? किती तऱ्हेच्या जागी राहू शकते? आणि जिथं सापडते तिथं किती असते? प्रत्येकाची दोन उत्तरं धरली तर आठ घरं तयार होतात. मुलूख मोठा, जागा कुठलीही, संख्या भरपूर, असं घर एकच, त्याला आठवं म्हणू. उरलेली सातही घरं दुर्मिळतेची, पण प्रत्येकाची दुर्मिळता निराळी.

तुम्ही पाहिलेली हॅबेनेरिया हेनियाना तिसऱ्या प्रश्नात नापास होत नाही. श्रावण-भाद्रपदात ती पठारावर दाटीनं असते. पण ती दख्खनच्या द्वीपकल्पापुरती, आणि तिथंही डोंगरमाथ्यावरच्या उघड्या गवतातच. पठार नांगरलं, प्लॉट पाडले, गाड्यांच्या चाकांनी माती दाबली गेली, की त्या जागची सगळी एकदम जाते. पाचगणीची तिची बहीण तिन्ही प्रश्नांत अडकते. उलट देशावरच्या आंब्या-बाभळींवर दिसणारी व्हँडा टेसेलाटा घ्या. तिचा मुलूख भारत, श्रीलंका, म्यानमार असा लांबरुंद. पण एका गावात ती सापडणार एखाद्या जुन्या झाडावर. ते झाड पडलं की गावातली व्हँडा संपली, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आठव्या घरात कोण? आपली खार. ढोबळमानानं कोकणात आणि दाट झाडीत पाठीवर तीन पट्ट्यांची, देशावरच्या कोरड्या मुलखात आणि शहरांत पाच पट्ट्यांची. तिचा दम बघायचा तर ऑस्ट्रेलियात पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्थच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या पाच पट्ट्यांच्या खारी नेल्या. त्या बाहेर पडल्या आणि आसपासच्या वस्तीत नांदू लागल्या. झाडं परकी, फळं परकी, हवा परकी, तरी अडलं नाही. कासची आमरी शेजारच्या डोंगरावर नेऊन लावली तरी जगेल याची खात्री मी देणार नाही.

म्हणून कासच्या गर्दीत उभं राहून 'इतकी आहे की' असं म्हणताना पायाखालचं पठार केवढं, एवढं फक्त नजरेनं मोजा. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या. महाराष्ट्रातल्या चार : कास, कोयना, चांदोली, राधानगरी. फुलं बघायला लोक फक्त कासला जातात. पण तशीच आमरी माथ्यावर वागवणारे कितीतरी बिननावाचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, आहेत. त्यांना ना कुंपण, ना पहारेकरी. फाल्गुन-चैत्रात तिथं वणवे लागतात आणि पावसाळ्यात तिथूनच जीप जातात. माझा जीव त्यांच्यासाठी जास्त तुटतो.

---

प्रश्न : निसर्गाला खार आणि आमरी सारख्याच ना? मग एका फुलापायी एवढा पैसा आणि माणसं का लावायची? खारीसाठी कुणी समिती नेमल्याचं ऐकलं नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघींची किंमत सारखी, हे मला शंभर टक्के मान्य. पण तापानं फणफणलेल्या मुलाच्या उशाशी आई रात्रभर बसते, म्हणून दुसरं मूल नावडतं ठरत नाही.

आमरी एकदा घसरली की परत आणायला किती लागतं, ते इंग्लंडमधल्या एका आमरीवरून कळतं. लेडीज स्लिपर म्हणतात ती पिवळ्या मोजडीच्या आकाराची. शौकिनांनी आणि बागवाल्यांनी ती इतकी उपटली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलीच असं ठरलं. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये एका जागी एकच झाड सापडलं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ती जागा वर्षानुवर्षं गुप्त ठेवली. फुलाच्या हंगामात तिथं पहारा असे. पुढं क्यूच्या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी बियांपासून रोपं करायला घेतली. ती करणं, रानात नेऊन लावणं, गोगलगाईंपासून जपणं यात वर्षांमागून वर्षं गेली. रानात लावलेल्या रोपाला पहिलं फूल आलं ते २००० साली. हे सगळं एका झाडापासून. ते झाड वेळेवर जपलं गेलं नसतं तर एवढी बुद्धी आणि पैसा असूनही हाती काही लागलं नसतं.

आपल्याकडे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ साली देशातल्या आमरींची यादी केली. १,२५६ जाती निघाल्या. त्यांतल्या ३८८ भारताबाहेर कुठंच नाहीत आणि त्यांचा साधारण तिसरा हिस्सा पश्चिम घाटात आहे. यांची जबाबदारी घ्यायला दुसरा देश येणार नाही.

मात्र तुमच्या प्रश्नातली अर्धी बाजू मी उचलून धरते. भरपूर आहे म्हणून बघायचं सोडणं वाईट. गिधाडं आठवा. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडलं की घटकाभरात आभाळ त्यांनी भरून जायचं. ती मोजायची कुणाला गरजच वाटली नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडही रॅबिनोविट्झबाईंच्या आठव्या घरातलंच होतं.

तेव्हा कोल्हापुरात तुमच्या कॉलनीत खारी किती दिसतात, कुठल्या महिन्यात घरटी करतात, सावरीला फुलं आली की त्यांत तोंड घालून मध पितात का, हे वहीत लिहायला घ्या. समिती लागत नाही. दोन-तीन घरांनी मिळून केलं आणि वर्षानुवर्षं चालू ठेवलं, तर त्या वहीला मोल येईल. शक्य झालं तर मला एक प्रत पाठवा.

---

प्रश्न : गॅलरीतल्या ऑर्किडच्या कळ्या खार कुरतडते. मिरचीचं पाणी फवारलं, काही फरक नाही. पिंजरा लावून लांब सोडून येऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पिंजरा नको. आई पकडली गेली आणि मागं घरट्यात पिल्लं असली तर ती उपाशी मरतात. शिवाय मोकळी झालेली जागा दुसरी खार चार दिवसांत घेते. कळीची दांडी दिसू लागली की कुंडीभोवती बारीक भोकांची जाळी उभी करा, फूल पूर्ण उमललं की काढा. खारीला ओढ असते ती कोवळ्या, रसाळ कळीची. उन्हाळ्यात गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचं पसरट भांडं ठेवून पाहा. कळ्यांवरचा राग बराच कमी होतो. मिरचीचं पाणी बंद करा, त्याचा उपयोग होत नाही हे तुम्ही पाहिलंच आहे.

---

प्रश्न : आमची राजापूरकडे आंब्याची जुनी बाग आहे. सासरे दरवर्षी गडी लावून बांडगुळं काढतात, त्यात आमरीही ओरबाडून टाकतात. त्यांचं म्हणणं, तीही झाडाचा रस ओढते. खरं का? यंदा रस्त्यासाठी कडेचे दोन मोठे आंबे तोडणार आहेत. त्यांच्यावर सीतेची वेणी म्हणतात ती आमरी आहे. ती वाचवता येईल का?
— एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)

उत्तर : सासऱ्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, तसंच त्यांना सांगा. म्हणजे उरलेला अर्धा ते ऐकून घेतील. बांडगूळ काढायलाच हवं. त्याचं मूळ फांदीच्या आत घुसतं, आंब्याचं पाणी आणि क्षार ओढतं आणि तिथून पुढची फांदी सुकत जाते. फांदीला गाठ येते, ती दिसतेच. आमरीचं तसं नाही. तिची मुळं सालीवरून नुसती पसरतात, आत शिरत नाहीत. गड्याला ओळख पटवायची तर मुळाकडे बघायला सांगा. जाड, पांढुरकी, सुकी दिसणारी मुळं असतात. त्यांवर पाणी शिंपडलं की हिरवी होतात. बाहेरचं ते पांढरं अस्तर पावसाचं पाणी टिपून धरतं, आमरी त्यावर जगते. आंब्याकडून तिला बसायला जागा हवी, बाकी काही नको. बांडगुळाला अशी मुळं नसतात. विळा चालवण्याआधी एवढं बघितलं, तर बाग साफ होईल आणि आमरीही राहील.

तिला ठेवा म्हणून मी इतकं सांगते, त्याचं कारण पहिल्या प्रश्नात आलंच आहे. जुन्या आंब्याच्या खडबडीत सालीत शेवाळ, ओल आणि ती बुरशी जमायला खूप वर्षं लागतात. नव्या कलमावर बी पडलं तरी रुजत नाही. तुमच्या बागेतल्या चानीचं, म्हणजे खारीचं, मोडलेलं घरटं पंधरा दिवसांत पुन्हा उभं राहील. ओरबाडलेली वेणी त्या फांदीवर तुमच्या हयातीत परत येईलच असं नाही.

रस्त्याकडेच्या झाडांचं काम मात्र लगेच हाती घ्या. झाडं कुणाच्या हद्दीत आहेत ते पाहा. वनजमीन असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय काही उचलू नका. तुमच्याच हद्दीत असतील तर तोडणाऱ्या मुकादमाशी आधी बोलून ठेवा, म्हणजे फांद्या खाली आल्यावर तो तुम्हाला दुपारपर्यंत वेळ देईल. आमरी सालीवरून सोलून काढू नका, मुळं तुटतात. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतर ठेवून फांदीचा तुकडाच करवतीनं कापून घ्या. फार जाड असेल तर सालीची खपली मुळांसकट काढा. उन्हात टाकू नका, ओलं गोणपाट घाला.

मग बागेतलाच दुसरा जुना आंबा निवडा. पहिल्या झाडावर ती ज्या बाजूला आणि जितक्या सावलीत होती, तशीच जागा बघा. दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट पडेल अशी जागा टाळा. दोन फांद्यांच्या बेचक्याजवळ, पावसाचं पाणी ओघळत येतं पण साचत नाही अशा ठिकाणी तो तुकडा टेकवा आणि सुतळीनं किंवा काथ्यानं घट्ट बांधा. हलता कामा नये. हललं की नव्या मुळांची टोकं घासून मरतात. तार किंवा नायलॉनची दोरी वापरू नका. ती फांदीत रुतत जाते. सुतळी दोन पावसाळ्यांत आपोआप कुजून गळते आणि तोवर मुळांनी साल धरलेली असते. हे काम वैशाखात, पावसाच्या तोंडावर झालं तर उत्तम. तोड आधी ठरली तर बांधल्यानंतर मृग लागेपर्यंत एक दिवसाआड संध्याकाळी पाणी शिंपडा. शेणकाला, खत काही घालू नका. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर काळजी करू नका, मुळांची टोकं हिरवी आहेत का तेवढं पाहा. हिरवी असतील तर तिचं चाललं आहे.